सरकत्या दाराची ओम्नी

सहाना, ओरडू नकोस, मी तिरुनेलवेलीला गेलेय, गाडी आणायला! चौदा वर्षांची ओम्नी आहे, पण दार सरकतं, म्हणजे तू व्हीलचेअरवरून थेट सीटवर! विकणाऱ्याला फोन लावून इंजिनाचा आवाज मेकॅनिकला ऐकवला, तो म्हणाला, "डोळे झाकून घे."

इडलीचं पीठ फ्रिजमध्ये आहे. व्यायाम करून घ्यायला कनका अक्का येतील, त्यांना टाळू नकोस. गाडीच्या पूजेला चाकांखाली चिरडायला तुझी चारही लिंबं उचललीत.

सहाशे किलोमीटर मीच चालवत आणणार. त्या दिवशी स्कूटरही मीच चालवत होते, विसरले नाहीये.

उद्या संध्याकाळी खालून दोनदा हॉर्न देईन. बीचवर जाऊ. माझ्या शेजारी बसायची भीती वाटली तर मागे बस, पण ये.

हरिप्रिया