उणे पंधरा मुलं

९ मार्च
आज फळ्यासमोर माती खाल्ली! रविंद्र सरांनी भर क्लासमध्ये मलाच उठवलं. शाळेत १२० मुलं. ७० क्रिकेट खेळतात, ६५ कबड्डी, २५ दोन्ही. काहीच न खेळणारी किती? मी ७० आणि ६५ जोडले, १२० मधून वजा केले आणि लिहिलं — उणे १५. शिवाय उत्तराखाली दोन रेघाही मारल्या!

"उणे पंधरा मुलं? मैदानात पुरली का, भावना?" सर म्हणाले. सगळे हसले. एमबीएची सीईटी वीस दिवसांवर. दुसरा प्रयत्न. यंदाही हुकलं तर बाबा काहीच बोलणार नाहीत, आणि तेच मला सहन होणार नाही.

१० मार्च
वहीत तीच क्रिकेट-कबड्डीची दोन वर्तुळं. तेच ठप्प डोकं.

११ मार्च
बाबा हिंगण्याहून आले. तिथल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये ते वाढतात. क्लासमध्ये मी "बाबा कंपनीत असतात" एवढंच सांगितलंय. ऐकणारे त्यांना साहेब समजले, मी समजू दिलं.

"काहून रडून राहिली वं?" मी चिडून प्रश्न वाचून दाखवला. त्यांना काय कळणार, या खात्रीनं!

ते हसलेच. "हे तं दिवाळीचं गणित हाय!" दिवाळीला कंपनीत माणशी एकच सोनपापडीचा बॉक्स, पण याद्या पाळीप्रमाणे दोन. "पहिल्या वर्षी म्या दोन्ही याद्या जोडल्या. डबल ड्युटीवाले दोन्हीकडं! तेवढे बॉक्स जास्त आले. मॅनेजरनं साऱ्यांसमोर झापलं मले."

"मग?"

"मंग काय, डबलवाले एकदा काढाचे. आन् रजेवरचे कोनत्याच यादीत नसतेत. पन कंपनीचेच हायेत ना? त्यायचा बॉक्स आपन आठवनीनं ठेवाचा."

७० आणि ६५, त्यातून २५ गेले. ११०. रजेवर दहा! दोन मिनिटांत सुटलं. मी वर्षभर काय करत होते?

१८ मार्च
लिहू की नको. लिहितेच.

सरांनी आज त्याहून अवघड प्रश्न दिला. मी फळ्यावर दोन याद्या मांडल्या, डबलवाले एकदा काढले, रजेवरचे वेगळे ठेवले. बरोबर! सर खूश. "वा! कुणी शिकवलं हे?"

पहिल्या बाकावर कामिनी, डॉक्टरांची मुलगी, माझ्याकडेच बघत होती. मी म्हणाले, "यूट्यूबवर पाहिलं, सर."

टाळ्या पडल्या. कुठं तोंड लपवू असं झालं. साधं "बाबांनी" म्हणायला काय जात होतं माझं?

सकाळी जेवणाचा डबा घरीच विसरले होते. सुटल्यावर वर्गाच्या दाराबाहेर बाकावर मिळाला. अंकुश ठेवून गेला असेल. शिंगं फुटली तरी भाऊ कामाचा आहे.

१९ मार्च
बाबांना सांगून माफी मागायची, असं ठरवलं. त्यांनी जेवायला वाढलं, मी जेवून अभ्यासाला बसले.

२९ मार्च
पेपर झाला. तसला प्रश्न आलाच! बाबा केंद्राबाहेर गाडीवर थांबले होते. "सुटला, बाबा! तुमचा बॉक्सवाला!"

त्यांनी किक मारली. मागं न बघता म्हणाले, "मंग त्या यूट्यूबवाल्याले कळव वं. खुश होईन बिचारा."

घरी मी यूट्यूबचं कुणालाच बोलले नव्हते. म्हणजे तो डबा अंकुशनं नव्हता ठेवला.