बिनकामाची

१२ मार्च, मंगळवार

बिनकामाची! शिक्काच मारला. माझी बोटं गेली ती सरकारच्याच कारखान्याच्या प्रेसखाली, आणि बिनकामाच्यांची राखाडी पट्टी मात्र माझ्या दंडाला! कामगार तपासणी मंडळाचा डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "उजवा हात ना? मग संपलंच." संपलं म्हणे!

सासूबाईंनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "शिवण किती गचाळ!" एवढंच. त्या सरकारी गणवेश शिवतात, म्हणून कामाच्या. नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच — आणि आमचं कधी पटलं नाही.

१४ मार्च

प्रार्थना केली नाही. करणारही नाही.

१७ मार्च, रविवार

चर्चमध्ये पट्टीवाल्यांना आत जागा नाही. बाहेर, ओल्या छत्र्या ठेवतात तिथे बसायचं. पाळकांनी — माझं लग्न लावलं त्यांनी! — खाली बघत सांगितलं, "वरून हुकूम आहे, बाई." वरून म्हणजे नक्की कुठून? स्पष्ट बोला ना! प्रवचन काय, तर 'देवाला उपयोगी पडा'. अंगाचा तिळपापड झाला. प्रभुभोजनाची भाकर आतल्या आत वाटून संपली.

मग सासूबाई उठून बाहेर आल्या, शेजारी टेकल्या. "आत उकडतंय." हातातला तुकडा मोडून अर्धा माझ्यापुढे धरला.

"त्याला मी नको, तर मला त्याची भाकर नको," मी फाडकन म्हणाले.

"क्रुसावर रक्त सांडून तुला विकत घेताना त्याने बोटं मोजली नव्हती. खा मुकाट्याने."

नाही खाल्ली.

२१ मार्च

उद्या पट्टीवाल्यांना वसाहतीत नेणार. तिथून आजवर कोणी परतलेलं नाही. पाळक सांगायला आले. "मी प्रार्थना करतो." दार त्यांच्या तोंडावर आपटलं. मग देवावर तोंड सोडलं. काय किंमत आहे रे माझी तुझ्या लेखी? बोल की! आता का दातखीळ बसली?

सासूबाई भांडी घासत राहिल्या. 

२२ मार्च

सकाळी मी अंघोळीला गेले. सासूबाईंनी बाहेरून कडी घातली आणि मी काढून ठेवलेली पट्टी स्वतःच्या दंडाला बांधली; दाराच्या फटीतून दिसलं. वसाहतीत नेणारे गाडीवाले चेहरे बघत नाहीत, पट्टी बघतात. मी दार बडवत होते, सासूबाईंच्या नावाने शिव्या देत होते. कोणी सांगितलं होतं त्यांना!

बाहेर गाडीवाल्यांपैकी कोणीतरी विचारलं, "आत कोण आहे?"

"सून आहे माझी. कामाची आहे. जरा ओरडते, एवढंच."