पाठीची गोळी

३ मार्च
साताऱ्याला डॉ. मॅडमकडे. नव्या गोळ्यांनी पोट बिघडायचं, म्हणून पाच महिन्यांपूर्वी ईसीजी काढून ही जुन्या जातीची दिली. म्हणाल्या, "सुभेदार, गोळी जुनी आहे, पण तुम्हाला लागू पडली." म्हटलं, मीही जुनाच. गेल्या मार्चात भिंतीकडे तोंड करून पडून होतो. आज येताना कोरेगावात भजी खाल्ली, हिच्यासाठी बांधूनही आणली. देव भलं करो त्या बाईंचं.

९ मार्च
तोंड कोरडं. खिशात खडीसाखर. झटकन उठलं की अंधारी येते, म्हणून खाटेवर बसून दहापर्यंत मोजतो, मग उठतो. ही म्हणते, कवायत झाली का? तक्रार नाही. चहा पुन्हा गोड लागतोय.

१७ मार्च
देवळात यात्रेची बैठक. पालखीला आमच्या घरचा खांदा. गेल्या साली चुकला. यंदा माझ्याऐवजी पुतण्याचं नाव. सगळे म्हणाले, "तात्या, तुमची पाठ हाय न्हवं!" गोळी कसली विचारलं की गावभर 'पाठीची' सांगत आलो. आता भोगा. पालखी धरायचीच आहे. पण मग खरं सांगावं लागेल...

१८ मार्च
ही : "आवं, सांगून टाका एकदाचं. चोरी केलीया व्हय?" दिवसभर बोललो नाही तिच्याशी. खरं बोलली म्हणून.

२४ मार्च
शिवा आला. एका पलटणीत होतो, शेजारी रान. "गड्या, तुझ्या पाठीच्या दोन गोळ्या दे. कंबार धरलीया." त्याला बी.पी.ची गोळी चालू. भलतं कसं देऊ? सांगितलं, शिवा, ही मनाची आहे. डिप्रेशनची. साताऱ्याच्या मॅडमनी दिलेली. वाटलं, उद्या गावभर.
तर शिवा म्हणाला, "आमची मंडळी म्हैना झाला भिताडाकडं तोंड करून पडलीया. त्या डॉक्टरीन बाई तिला बघतील का रं?"
दोघांच्याही डोळ्यांत पाणी. कंबर राहिली बाजूला.

२८ मार्च
उद्या आठच्या एस.टी.नं सातारा. शिवा, वहिनी, आम्ही दोघं. पालखी खांद्यावर घेतली तर चालेल का, मॅडमना विचारायचंय. शिवा म्हणतो, "स्टँडवर कुनी इचारलं तर पाठ दुखतीया म्हनू." पुतण्याचं दुकान स्टँडलाच, तो विचारणारच. बघू, उद्या तोंडून काय निघतं.
संध्याकाळी वहिनी दारापर्यंत आल्या. "भावजी, खरंच बरं वाटतं का वो?" म्हटलं, वाटतं. लय बरं वाटतं.
खडीसाखरेच्या दोन पुड्या बांधून ठेवल्यात. एक वहिनींना.