एकशे बाराव्या पानावरचा तांब्या

गडमुडशिंगी, बुधवार सकाळ

प्रिय चंदना,

फोन करायचा सोडून आण्णा पानंच्या पानं लिहितात आणि त्यांचे फोटो काढून पाठवतात, म्हणजे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, असं तुला वाटेल. पण फोनवर मी ‘जेवलीस का, थंडी किती आहे’ एवढं विचारतो आणि फोन तुझ्या आईच्या हातात देतो, हे तुला ठाऊक आहे. आजचं त्यात मावणारं नाही. परवा शुक्रवारी तुझं प्रोफेसरपदाचं पहिलं व्याख्यान. तुझ्या पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर एक गोष्ट चुकीची छापली गेली आहे आणि तीच तू शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगणार आहेस. टपालाची वाट बघितली असती तर पत्र व्याख्यान झाल्यावर पोचलं असतं. म्हणून हा उद्योग. अक्षर लागलं नाही तर मोठं करून बघ.

आधी मला थोडं फुशारून घेऊ दे, मग लाजायचं आहेच. काळा झगा घालून तू मिरवणुकीनं सभागृहात जाणार, हे माझं आतापर्यंत निम्म्या गावाला सांगून झालंय. राज्यशास्त्रात एम. ए. झालीस, मग चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत फिरलीस, सकाळी इचलकरंजी आणि दुपारी कागल, डबा एसटीतच खायचीस. त्यात तुझी चप्पल किती झिजली ते मी बघितलंय. तिथून नेदरलँड्सची शिष्यवृत्ती, डॉक्टरेट, आणि आता धर्म आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासाची प्रोफेसर. डेअरीवर आकारामनं मला विचारलं, “मास्तर, पोरगी धर्माची प्रोफेसर म्हंजे तिकडं परवचन देती व्हय?” मी त्याला अर्धा तास समजावलं, की देशादेशांतले करार आणि माणसांचे धर्म यांचा एकमेकांशी काय संबंध असतो ते ती शोधते. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांना सांगत होता, “मास्तरांची चंदना साऱ्या देशांस्नी शिस्त लावती.” मी काही दुरुस्ती केली नाही. ऐकायला बरं वाटत होतं.

खरं तर हा विषय तू घेतलास तेव्हा सगळ्यात जास्त आदळआपट मीच केली होती. दोन देश एका नदीचं पाणी कसं वाटून घेतात, यावर तुझा प्रबंध चालला होता आणि मधेच तू धर्माकडे वळलीस. मी फोनवर ओरडलो, की धर्म पाळायचा असतो, त्याचा अभ्यास कसला करायचा? तू शांतपणे म्हणालीस, “आण्णा, करार कागदावर असतो. तो पाळायचा कशाच्या जोरावर, ते मला आपल्या घरात शोधायचंय.” सहा महिने मी तुझ्याशी धड बोललो नाही. मग तू रेकॉर्डर घेऊन घरी आलीस आणि तुझ्या आईसमोर स्वयंपाकघरात पाट टाकून बसलीस.

पुस्तक आलं तेव्हा डिक्शनरी घेऊन मी रोज एक पान वाचलं. आपलं पाणी गाळायचं फडकं तू जगाला दाखवलंस, आणि इतकं नेमकं, की माझा ऊर भरून आला. फडक्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायचे, दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत, म्हणून फडकं उलटं करून विसळायचं आणि ते पाणी परत द्यायचं. नळ आल्यावर बऱ्याच घरांनी फडकी मोरीत झटकायला सुरुवात केली. तुझी आई मात्र म्हणाली, नळाला पाणी त्याच विहिरीचं, मग जीवही तिचेच. ती ते पाणी तांब्यात भरायची आणि मी शाळेला जाताना सायकलवरून नेऊन विहिरीत सोडायचो. सलग एकोणीस वर्षं. पुढे तू ते नदीच्या करारांशी जोडलंस, की नियम पहाऱ्यावर टिकत नाही, कुणी बघत नसताना तो पाळणाऱ्या माणसावर टिकतो. आणि एकशे बाराव्या पानावर लिहिलंस, ‘असा एक माणूस मी पाहिला आहे, तो माझा बाप.’

चंदना, तो माणूस मी नाही.

पहिलं वर्षभर मी इमानानं गेलो. विहीर रस्त्यापासून आत, धोंडुबाईच्या उसातून खाली उतरून जावं लागायचं. मग हेडमास्तरांनी प्रार्थना माझ्याकडे दिली. एके दिवशी उशीर झाला, वाटेत चिखल होता, आणि मी तांब्या धोंडुबाईच्या बांधावरच उपडा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. तिसऱ्या दिवसापासून त्याचं काही वाटेनासं झालं. तू विचारलंस तेव्हा आई म्हणाली, “हेच न्यायचे की. एक दिस चुकला न्हाई.” तुझी शिस्त अशी, की एकाच्या शब्दावर काही लिहायचं नाही. म्हणून तू बाहेरच्या सोप्यात येऊन मला एकट्याला वेगळं विचारलंस. मी हो म्हणालो. दोन साक्षी जुळल्या, तू वहीत खूण केलीस. पेपरात एकमेकांचं बघून लिहिणारी पोरं मी जन्मभर पकडली, आणि स्वतः मात्र तुझ्यासमोर तेच केलं.

एवढ्यावरही मी गप्प बसलो असतो. पण गेल्या रविवारी जैन बस्तीच्या, आपल्या देवळाच्या सभागृहात समाजानं माझा सत्कार केला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाळासोनं तुझ्या पुस्तकातलं ते पान मराठीत करून वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शाल-नारळाबरोबर मला एक चांदीचं पाणी दिलेला तांब्या दिला. फोटोत मी हसतोय, पण शालीच्या आत घामानं भिजलो होतो. घरी येऊन तो तांब्या तुझ्या आईपुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. ती हरभऱ्याची भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “मला ठावं हाय की.”

दुसऱ्याच वर्षी धोंडुबाईनं तिला सांगितलं होतं, की मास्तर रोज माझ्या बांधावर तांब्या उपडा करत्यात. “तवापासनं तुमच्या तांब्यात मी गाळल्यालं साधं पाणी भरून देत हुते. फडक्याचं पाणी किटलीतनं मी न्यायची, ओढ्याला धुणं घिऊन जाताना.” ओढ्याच्या वाटेवर विहीर आहे, तुला आठवत असेल. अंगात ताप असला तरी ती धुण्याचं गाठोडं उचलून ओढ्याला जायची आणि दारात नळ असताना ओढा कशाला म्हणून मी तिच्यावर खेकसायचो, तेही तुला आठवत असेल. मी विचारलं, मला तोंडावर का नाही बोललीस? तर म्हणाली, “पोरगी रोज दारात हुबी ऱ्हाऊन बघत हुती. बाप पाणी घिऊन निघालाय, एवढं तिला दिसलं की बास हुतं मला.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “आता लेकीला सांगत बसू नगा. पुस्तकात तुमचं नाव हाय, ते बरं दिसतंय.”

लग्नाला पन्नास वर्षं होत आली. तिचं मी सगळं ऐकतो असं नाही, पण हे तर मुळीच ऐकणार नाही. रविवारपासून मला तिचा इतका अभिमान वाटतोय, की तुझाही थोडा मागं पडलाय, राग मानू नकोस.

तुझा सिद्धांत मोडला म्हणून घाबरू नकोस. शाळेचा पेपर तपासावा तसा मी तो पुन्हा तपासला. नियम बरोबर आहे, उदाहरणातलं नाव तेवढं चुकलंय. उलट आता तो जास्त खरा झाला. मला निदान तू तरी दारातून बघत होतीस, तिला कुणीच बघत नव्हतं. एवढ्या विद्वानांपुढे चूक कबूल करायची म्हणजे तुला जड जाईल, तुझं हसं होईल की काय, या विचारानं दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग आठवलं, पाचवीत भूगोलाच्या पेपरात मी तुला चुकून दोन गुण जास्त दिले होते आणि ते कमी करून घ्यायला तू भर वर्गात उठून माझ्या टेबलापाशी आली होतीस. पोरं हसली होती, तू नव्हतीस. ती पोरगी शुक्रवारी उभी राहणार आहे, मग मी कशाला काळजी करू?

हे सगळं लिहिलं ते एका मागणीसाठी. शुक्रवारी एकशे बारावं पान आलं की तिथं माझं नाव खोड आणि बापानं खोटं सांगितलं होतं, हेही सांग. तुझी आई दिवस मावळायच्या आत जेवून माझ्याशेजारी फोनपुढे बसलेली असेल. तिला इंग्रजी कळत नाही, पण स्वतःचं नाव कळेल. ते नुसतं ‘माझी आई’ असं घेऊ नकोस, पूर्ण घे. अक्काताई धनपाल मगदूम. त्यातलं मधलं माझं आहे, मला तेवढं पुरे.

आता तरी तुझ्याशी खरं बोललेला,
तुझाच
आण्णा