हाक कुणी मारायची

सातारा,
शुक्रवार, ता. ११ एप्रिल १९७५

प्रिय अक्का,

ख्रिस्ताठायी सप्रेम नमस्कार. तुझं कार्ड काल मिळालं. तू सुखरूप बाळंत झालीस हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझ्यासाठी डिंकाचे लाडू केलेत. पाक जरा पुढं गेला, तेव्हा दात हलले तर मला बोल लावू नकोस. आटपाडीला पाण्याचं कसं आहे? इथं बरं आहे. फक्त यवतेश्वराकडून वारं सुटलं की शाळेच्या बाकांवर धूळ बसते आणि पोरं तिच्यावर बोटानं चित्रं काढतात. भाऊजींना नमस्कार सांग.

कार्डातल्या शेवटच्या ओळीबद्दल मागाहून लिहिते. आधी माझ्या पोरांचं ऐक.

गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सहा मुलांनी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतला. त्यांची तयारी माझ्याकडे होती. फादर म्हणाले होते, प्रार्थना पाठ होतीलच, पण देवानं प्रत्येकाला आपल्या प्रतिरूपात घडवलंय, कुणी कुणापेक्षा कमी नाही, एवढं त्यांच्या मनात उतरू दे. मला वाटलं, त्यात काय अवघड आहे. एकेकानं उभं राहून म्हणायचं, देवानं मला नावानं हाक मारली, मी अमुक. जोतीराम असा ओरडला की बाहेरची शेळी दचकली. मग आमच्या चर्चमधल्या हरणाबाईची तिसरी मुलगी उभी राहिली. आठ वर्षांची असेल. अर्धं वाक्य म्हणून थांबली आणि मला विचारलं, "बाई, देव पन मला नकुसाच म्हनतो व्हय?"

मुलं हसली. मला हसू आलं नाही, ते का हे तुला सांगायला नको.

मी लगेच शहाणपणा केला. चर्चच्या पुस्तकात तिचं बाप्तिस्म्याचं नाव तेरेजा आहे. सगळ्यांना बजावलं, आजपासून हिला तेरेजा म्हणायचं. मुलांनी ऐकलं. पण तेरेजा म्हटलं की ती पोर मागं वळून बघायची, कुणाला बोलावतात म्हणून. डोक्यावर पाणी ओतताना फादरांनी ते एकदा उच्चारलं असेल, त्यानंतर कुणीच नाही. आपल्यात हे असंच चालतं. बाप्तिस्म्याचं नाव चर्चमध्ये राहतं आणि पाळण्यातलं घरी येतं.

मग मी हरणाबाईकडे गेले, चांगले चार शब्द सुनावायच्या तयारीनं. ती भाकरी थापत होती. तिनं मला पाट दिला, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, ह्ये नाव ठिवलं आन् पाठीवर पोरगा झाला, ह्यो धुळा. आता नाव मोडलं आन् त्याला काय झालं म्हंजी? तवा तुमी काय करनार?"

मी कप खाली ठेवून उठले. निघताना वळून पाहिलं तर ती त्याच पोरीच्या वेणीला नवी रिबीन बांधत होती. आता हिच्यावर राग तरी कसा धरायचा?

रविवारी मुलं पांढऱ्या कपड्यांत, हातात मेणबत्त्या घेऊन पुढं बसली होती. फादर एकेकाला नावानं बोलावत होते. तेरेजा म्हणाले, कुणी उठलं नाही. पुन्हा म्हणाले. पोर आपली मेणबत्तीकडे बघत बसलेली. मी तिला हाताला धरून उठवणार, इतक्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. हरणाबाई उभी होती, कडेवर धुळा.

"तेरेजा, ऊठ की बाळ. तुलाच बोलवत्यात."

पोरीनं आईकडे बघितलं. मग उठली आणि चालत गेली. महिनाभर मुलांना ताठ उभं राहायला शिकवणारी मी पदरानं नाक पुसत होते.

नंतर मी हरणाबाईला विचारलं, भीती गेली का. ती म्हणाली, "न्हाई गेली. पन पोर तितंच बसून ऱ्हायली असती की."

आता तुझी शेवटची ओळ. 'सासूबाई म्हणतात, चौथीचं नाव नकुसा ठेवू, म्हणजे पुढचा मुलगा होईल. मी काही बोलले नाही.' अक्का, काल हे वाचलं आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

वीस तारखेला बारसं. नाव आत्या ठेवणार, मावशीला तो मान नाही. तुझ्या सासूबाईंशी भांडायलाही मी येत नाही, त्यांच्याही मनात हरणाबाईचीच भीती असेल. आत्याला बाळाच्या कानात काय सांगायचं ते सांगू दे. फादरांना पुस्तकात काय लिहायचं ते लिहू दे. पण दिवसभर त्या पोरीला हाक तू मारणार आहेस.

लोणंदला आपल्या घरी आईसकट सगळे मला नकुसा म्हणायचे. साताऱ्यात हे कुणाला ठाऊक नाही, मी सांगितलेलं नाही. तू एकटी म्हणायची नाहीस. रेल्वेच्या चाळीतल्या नळावरून तू मला मनू म्हणून हाक मारायचीस. आई रागवायची, तरी मारायचीस. तू नऊ वर्षांची होतीस आणि तुला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या हाकेला मी हातातलं टाकून धावत यायचे. मुलांना मी आज जे शिकवते ते मला तिथं कळलं. फादरांना वाटतं, मी ते पुस्तकातून सांगते.

नऊ वर्षांची असताना तू आईपुढं बोललीस, आणि आता चार मुलींची आई होऊन 'काही बोलले नाही' असं लिहितेस. मला तुझा राग आलाय अक्का, तो लपवत नाही. पण राग आला तरी बारशाच्या आदल्या दिवशी, शनिवारच्या एसटीनं लाडू घेऊन येतेच आहे. पाळण्यातून पोरीला तू उचलशील तेव्हा मी जवळ उभी असेन. तू तिला काय म्हणतेस, तेवढं मला ऐकायचंय.

तू नळावरून हाक मारायचीस ती,
मनू