आंधळ्या खडकावरचा फेर

९ मे
ताजी बातमी अशी की यंदाचं पहिलं पेंग्विनचं पिल्लू आज पहाटे अंड्याबाहेर आलं. खात्री अंकल साकींनी केली, तीही आईच्या पोटाखाली हात घालून. पुरावा म्हणून त्यांनी मला रक्ताळलेला अंगठा दाखवला.

मी दुपारी बेटावर उतरले. माझा भाऊ एल्रॉय पर्ससीन जाळ्याच्या ज्या मासेमारी बोटीवर खलाशी आहे, त्या ‘ट्वी सुस्टर्स’नेच मला सोडलं. धक्क्यावर माझी पेटी ठेवताना तो म्हणाला, सिस, आता तुझे शेजारी गाढवासारखे ओरडणार आणि मासळीचा वास मारणार, म्हणजे घरच्यासारखंच वाटेल तुला. सगळी बोट हसली. मीही हसले.

बेटावर माणसं दोनच. राखणदार अंकल साकी आणि मी. माझी खोली स्वच्छ आहे, खिडकीतून धक्का दिसतो, छताला दोरीवर अंकलनी वाळवलेले बोकोम मासे टांगलेत. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. लाटेगान यांनी सांगितलेलं काम साधं आहे. पक्ष्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं चिकटवायची आणि ते समुद्रात कुठे चरतात ते पडद्यावर पाहायचं. ती जागा एकदा सिद्ध झाली की तिथे बोटींना बंदी. पक्षी उपाशी आहेत, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते कागदावर आणायला कोणीतरी हवं होतं. मी आले.

१३ मे
यंत्रं बसवून झाली. चिकटपट्टी पिसांच्या थरांमधून घालायची, म्हणजे पक्ष्याला पोहताना ओढ बसत नाही. अंकल पक्षी धरतात आणि त्याच्याशी बोलतात. हल ना लेका, लग्नाचा कोट शिवतोय तुझा, म्हणून दटावतात.

उजाडताना पक्षी घोळक्याने वाळूवर उतरतात. जमिनीवर ते म्हाताऱ्या पाद्र्यासारखे अडखळतात. पाण्यात शिरल्यावर मात्र तेच पक्षी आहेत यावर विश्वास बसत नाही. पंख हलवत पाण्याच्या कातडीखालून सरळ सुसाट निघतात आणि श्वासापुरती उडी मारून पुन्हा आत जातात. जाताना हलके असतात. येताना पोट भरलेलं असेल तर हळू, जड, पाण्यात खोल बसलेले. नुसत्या येण्यावरून कळतं, आज घरी जेवण आहे की नाही.

१९ मे
आज पडद्यावर पहिला फेर पाहिला. दिसतात नुसते ठिपके, पण त्या ठिपक्यांखाली पाण्यात काय चालतं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मांदेलीचा थवा सापडला की ते एकेकटे झडप घालत नाहीत. थव्याच्या खाली जातात आणि गोल फिरू लागतात. पोटाचा पांढरा, पाठीचा काळा, पांढरा, काळा असं चमकत राहतं, आणि मासळी घाबरून एकमेकींत घुसते. फेर आवळत जातो. मासळीचा घट्ट गोळा होतो आणि वर, उजेडाकडे ढकलला जातो. मग एकजण फेर सोडून थेट खालून वर येतो, गोळ्याच्या आरपार.

माझे वडील हे डोळ्यांनी पाहत. आमच्याकडे म्हणतातच, पेंग्विनांचा फेर खोटं बोलत नाही. फेर दिसला की खोली न मोजता जाळं टाकायचं. मात्र पहिली जाळंभर मासळी पक्ष्यांना परत. तो त्यांचा वाटा. वडील वाटा दिल्याशिवाय पाइपसुद्धा पेटवत नसत. आता मोठ्या बोटी पंपाने सगळं ओढून घेतात. पंपाला कसला आलाय वाटा?

२७ मे
आठवडाभर तेच चाललंय. फेर धरला की घटकाभरात बोटी हजर, ‘बेट्सी’ आणि ‘ट्वी सुस्टर्स’. पक्षी हलके परततात. पिल्लं चोच उघडून आईच्या गळ्याशी धडका देतात आणि तिच्याकडे काही नसतं. आज अंकलनी बादलीभर मेलेली पिल्लं उचलली. एकही विनोद केला नाही.

संध्याकाळी वायरलेसवर एल्रॉयला विचारलं, तुम्हाला जागा कळते कशी? तो भाबडेपणाने म्हणाला, अगं, तांडेलाकडे पडदा आहे की. तुझेच पक्षी दिसतात त्यावर. सगळे म्हणतात, एल्रॉयच्या सिसने आमचं नशीब काढलं.

माझं डोकं फुटायची वेळ आली.

२८ मे
डॉ. लाटेगानना वायरलेसवर सगळं बोलले. त्यांचा आवाज दुधावरच्या सायीसारखा. म्हणाले, या बोटी ज्याच्या, तो मासळीचा कारखाना आपला भागीदार आहे, भागीदाराला माहिती द्यावी लागते. म्हणाले, तू भावनेच्या भरात आहेस. मी विचारलं, पिल्लं मरताहेत ती कुणाच्या भरात? ते म्हणाले, लोक ऐकताहेत, शब्द जपून वापर.

मी जपून वापरलेला शब्द इथे लिहीत नाही. अंकल बाहेर होते, त्यांना तो ऐकू गेला. त्यांनी टोपी काढली.

मी या पक्ष्यांच्या पाठीवर चोर बसवले. माझ्या हातांनी. आणि त्या माणसाला सगळं पहिल्यापासून माहीत होतं.

२ जून
बेटावर कोणीही ओरडत नाही. कालपासून. इतके पक्षी, आणि गाढवाचा एकही आवाज नाही. अंकल म्हणतात, धुकं आलंय म्हणून. धुक्यात तर ते जास्त ओरडतात. अंकलनाही ते माहीत आहे.

फेर आज आंधळ्यावर होता. आंधळा म्हणजे बेटाच्या पश्चिमेला पाण्याखाली दबून बसलेला खडक. भरतीला वर काही दिसत नाही. तिथे मांदेली कधीच नसते. तरी सगळे पक्षी तिथे गोल फिरत होते. चरत नव्हते. फक्त फिरत होते, वाट पाहिल्यासारखे.

‘बेट्सी’ जाळं टाकायला तिकडे गेली. खोली मोजली नाही. फेर खोटं बोलत नाही ना!

शोधणाऱ्यांना फळ्या सापडल्या. माणूस एकही नाही. समुद्र सपाट होता, असं ते स्वतःच सांगत होते.

४ जून
पक्षी परतले. जड. पाण्यात खोल बसलेले.

पिल्लांना भरवत होते. पिल्लं तुडुंब.

आजूबाजूला मैलोन्‌मैल मासळी नाही; पक्षी आंधळ्यावरून हललेच नाहीत, हे मला पडद्यावर दिसतंय. मग काय भरवताहेत? एका घरट्यात बोटभर पिवळं रबर सापडलं. खलाशांच्या पावसाळी कोटाचं. मी ते अंकलना दाखवलं. त्यांनी समुद्रात फेकलं आणि म्हणाले, पोरी, कोट तरंगतात, यात काय एवढं? मग वाळूने हात घासून घासून धुतले.

लाटेगानचा निरोप आला. ‘बेट्सी’चं वाईट वाटलं, पण माहिती उत्तम येते आहे, थांबवू नकोस.

उत्तम!

६ जून
सगळी यंत्रं सोलून काढली. पक्षी हलले नाहीत. एरवी अंगठा फोडतात. आज एकेक जण माझ्यासमोर येऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून.

यंत्रं बिस्किटांच्या डब्यात टाकली. तारा तोडल्या. मोजली, एकही बाहेर राहिलं नाही. डबा माझ्या समोर, टेबलावर आहे.

पडद्यावर फेर दिसतो आहे. आंधळ्यावर. सगळी यंत्रं, गोल, गोल —

झाकण उघडून पुन्हा पाहिलं. आत आहेत.

७ जून
लाटेगान उद्या येतोय. काम ताब्यात घ्यायला आणि मला घालवायला. ‘ट्वी सुस्टर्स’ने. वाटेत एक जाळंही टाकणार म्हणे, पडद्यावर एवढा सुंदर फेर आहे तर.

मी वायरलेसवर तांडेलाला ओरडून सांगितलं, यंत्रं माझ्या टेबलावर आहेत, तो फेर खरा नाही. तो हसला. म्हणाला, एल्रॉय, तुझ्या सिसला बेट चावलं रे. लाटेगान बंदरात त्याच्याजवळच होता; त्याने वायरलेस हातात घेऊन सांगितलं की ती चिडली आहे, खोटं बोलते आहे. हो, चिडले आहे! क्षणभर वाटलं, जाऊ दे याला त्या फेरात. जाऊ दे, खालून कोण वर येतं ते बघू दे.

मग एल्रॉय आठवला. त्याच बोटीवर माझा एल्रॉय आहे.

दुपारी अंकलनी छताचे सगळे बोकोम काढून टोपलीत भरले. म्हणाले, वाटा राहिलाय. इतक्या वर्षांचा राहिलाय. कोणीतरी नेऊन द्यायला हवा. मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, सोड पोरी, मला पोहता येत नाही म्हणून बुडणारही नीटच.

त्यांची होडी आंधळ्यापाशी गेली. फेर उघडला. त्यांनी टोपली उपडी केली.

बोकोम तरंगत राहिले. कोणी शिवलं नाही.

फेर मिटला.

८ जून, सकाळ
धुकं. धक्क्यावर पक्षी उभे. दाराशी उभे. आवाज नाही.

अंकलची होडी वाळूवर लागली. रिकामी.

वायरलेसवर एल्रॉय आला. खुशीत. सिस, फेर दिसला, केवढा मोठा! म्हटलं, एल्रॉय, वळा. तांडेलाला सांग वळ. म्हणाला, तांडेल ऐकत नाही, डॉक्टर मागे उभा राहून घाई करतोय. म्हटलं, खोली मोज, निदान खोली तरी —

म्हणाला, कशाला? अंकल साकी आहेत ना तिथे. फेराच्या मधोमध उभे. कमरेइतक्या पाण्यात. हात करून बोलावताहेत आम्हाला.

मी ओरडते आहे. एका हातात बटण, एका हातात पेन, कोणीतरी हे — एल्रॉय, ते अंकल नाहीत. अंकल काल —

ऐकू येत नाही त्याला. इंजिन बंद केलं. तिकडे लाटेगानचा आवाज, सुंदर, सुंदर म्हणतोय.

दारातले पक्षी गेले. सगळे. पाण्यात.

पडद्यावर फेर आवळतोय. बोट मध्ये आहे. जाळं सोडताहेत. आता गोळा होईल, वर ढकलतील, आणि मग एकजण खालून —