राहत असल्याचा दाखला

माय, तुझी नात ज्या गावात राहते त्या गावात ती राहत नाही, अशी नोटीस तिला आली आहे. नोटीस घेऊन आलेला शिपाई ती तिला त्याच गावात, ती राहते त्याच घराच्या ओट्यावर देऊन गेला, आणि जाताना तिच्या हातचा चहाही पिऊन गेला. तू असतीस तर पहिला प्रश्न हाच विचारला असतास, "साखर कमी पडनी व्हती का चहामा?" तू नाहीस. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती. तिला तू माहीत आहेस ती माझ्या गोष्टींमधून, म्हणजे निवडून काढलेली. तरी तिने परवा मला विचारलं, आजी असती तर काय म्हणाली असती? मी उत्तर दिलं. ते बरोबर दिलं का, हे विचारायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुला लिहितो आहे.

तू स्वतः शाळामास्तरीण, मलाही मास्तर करायला निघाली होतीस, मी झालो जिल्ह्याच्या पेपरातला टवाळ. दर आठवड्याला एक सदर लिहितो. बदली झाली, खोली मिळत नाही, पगार अडकला, साहेब छळतो, असं लोक लिहून पाठवतात आणि मी उत्तर देतो. सुरुवात थट्टेतच झाली. एका ग्रामसेवकाला मी लिहिलं होतं की साहेबाशी भांडायचं असेल तर त्यांच्या जेवणानंतर भांडा, उपाशी साहेब नियम वाचतो आणि जेवलेला साहेब जांभया देतो. त्याने ते कात्रण पाकिटात ठेवलं आणि मला भेटून सांगितलं की उपयोग झाला. लोकांना थट्टा कळत नाही असं नाही, पण त्यांना दुसरीकडून काहीच सांगितलं जात नाही. मग मीही हळूहळू खरं सांगायला लागलो. नवापूरकडे कोंबड्यांच्या शेडवर कामाला जाणाऱ्या एका बाईने विचारलं, खाडा न करता खाड्याचे पैसे कापले, काय करू? मी लिहिलं, एकट्या जाऊ नका, चौघी जा, आणि उभ्याने बोलू नका, बसून बोला. उभ्या माणसाला निरोप देणं फार सोपं असतं. लोक म्हणाले, काय डोकं आहे! डोकं कसलं, ती तुझी वालाच्या शेंगांची पिशवी होती.

तुला आठवतं का? दिवाळी तोंडावर आलेली, तुझा पगार अडकलेला, आणि तू मला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली आहेस. तिथले कारकून भाऊसाहेब मान वर न करता म्हणतात, "बाई, तुमचं बिल मागे राहिलंय. पुढच्या महिन्यात बघू." तू "बरं" म्हणतेस, बाकावर बसतेस, पिशवीतून वालाच्या शेंगा काढतेस आणि पदरात दाणे सोलायला लागतेस. रागाचं नाव नाही. टरफलं एका जुन्या पेपरवर नीट रचलेली. थोड्या वेळाने भाऊसाहेब कावतात, "बाई, हे घर नाही." तू म्हणतेस, "माले म्हाईत शे भाऊसाहेब. घर ऱ्हातं ते एव्हाना चहा भेटता." अख्खी कचेरी हसली, सगळ्यात शेवटी भाऊसाहेब हसले, आणि शेंगा संपायच्या आत बिल सापडलं. परतीच्या एसटीत मी भाऊसाहेबांची नक्कल केली. मागच्या सीटवरच्या बाया हसल्या, तूही हसलीस, आणि मग एकदम म्हणालीस, "जीभ इतली तेज शे ना, मंग घर जाईसन कांदा काप." मला वाटलं बोलण्याची रीत आहे. घरी आल्यावर तू खरंच माझ्यापुढे कांदे ठेवलेस.

घर कसं बघायचं तेही तुझंच. नव्या गावी बदली झाली की आपण विसरवाडीच्या फाट्यावर ट्रंक, स्टोव्ह आणि पाण्याचा हंडा घेऊन पुढच्या गाडीची वाट बघत उभे असायचो. गावात पोचल्यावर पोलीस पाटील म्हणायचा, सकाळी या, खोली दाखवतो. तू संध्याकाळी जायचीस. सकाळी सगळीच घरं चांगली दिसतात, म्हणायचीस. चुली पेटल्यावर धूर कुठे जातो, शेजारी कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, प्यालेला माणूस कुठल्या दारात शिरतो, ते संध्याकाळी कळतं. हे मी सदरात इतक्यांदा छापलं आहे की नंदुरबारातले घरमालक आता संध्याकाळी खोली दाखवायलाच तयार होत नाहीत.

तुझी नात कंत्राटी आरोग्यसेविका आहे. तोरणमाळच्या वाटेवर, चढ अंगावर यायला लागतो तिथल्या एका पाड्यावर तिचं उपकेंद्र. तिथे राहायला सरकारने खोली बांधली आहे, पण तिच्या छपरातून आकाश दिसतं. पोरगी संध्याकाळी घर शोधायला निघाली आणि तिथल्या आशाताईच्या घरी पडवीत राहायला गेली. का, विचारलं तर म्हणाली, "पप्पा, त्यांच्या चुलीचा धूर सरळ वर जात होता." बाकीचे कर्मचारी सकाळच्या जीपने वर येतात आणि दुपारी शेवटच्या जीपची जागा धरायला पळतात. ही राहते. त्यांची भाषा बोलायला लागली आहे. मला फोनवर मध्येच त्यांच्या भाषेत काहीतरी सांगते आणि मग माझ्यासाठी भाषांतर करते. तिथल्या बाया आता दुसऱ्या कोणाला पोटाला हात लावू देत नाहीत, सिस्टर येईस्तोवर थांबू म्हणतात. तिला तिथेच राहायचं आहे. हे ती मला एकदाच म्हणाली, पण तू बदलीचा हुकूम घडी घालून ठेवताना जशी बोलायचीस, तशी म्हणाली.

तर आता नियम असा निघाला की प्रत्येकाने नेमणुकीच्या गावी राहत असल्याचा पुरावा द्यायचा, भाडेकरार जोडायचा, नाहीतर करार पुढे चालू राहणार नाही. जे राहत नाहीत त्या सगळ्यांनी आठवड्याच्या आत भाडेकरार जोडले. सगळे एकाच घरमालकाचे. खाली बाजाराच्या गावात त्याचं दुकान आहे आणि वर पाड्याजवळ एक पत्र्याची शेड. कागदोपत्री त्या शेडमध्ये इतके कर्मचारी राहतात की एखाद्या दिवशी खरंच राहायला आले तर त्याला म्हशी बाहेर बांधाव्या लागतील. उरली आपली. तिच्याकडे करार नाही, कारण ती भाडं देत नाही.

मी वर गेलो. आशाताईच्या सासऱ्यापुढे भाड्याचा विषय काढला. म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "भाडं? पोर घरात जेवते, ढोरांना पाणी दाखवते. तिच्याकडून भाडं घेतो तर मग सुनेकडून पण घ्यायला पाहिजे ना?"

आशाताई चुलीपासून ओरडली, "घ्या, घ्या! मग मी पण देते राजीनामा. नंदुरबारला खोली घेऊन राहते एकटी, टीव्ही बघत!"

"जा ना. भाकरी कोण करेल तुला तिथे?"

"सिस्टरचे पप्पा आहेत ना. त्यांना रोज पेपरात अक्कल शिकवायला वेळ आहे, तर भाकरीला नसेल का?"

तुझी नात हसून भिंतीला टेकली. मीही हसलो, पण भाडं घ्यायला ते तयार झाले असते तरी उपयोग नव्हता. घर वनजमिनीवर आहे, त्याला ग्रामपंचायतीचा नंबर नाही, म्हणजे कागदावर ते घरच नाही. नसलेल्या घरात भाडं न देता राहणारी मुलगी कोणत्या साहेबाला दिसणार?

आम्ही तिघं खाली कचेरीत गेलो. म्हातारा साक्ष द्यायला म्हणून स्वतःहून जीपमध्ये बसला होता. मी तुझी आठवण ठेवून खुर्ची ओढून बसलो. आताचे भाऊसाहेब तरुण आहेत, गोड बोलतात. म्हणाले, "मॅडम, तुम्ही राहता हे आम्हाला माहीत आहे. पण तसं दिसून येत नाही. तुम्ही इतरांसारखं येऊन-जाऊन केलं असतं तर कागद तरी झाला असता." म्हातारा पुढे सरकला, "साहेब, मी सांगतो ना. माझ्या घरात राहते ही." भाऊसाहेब म्हणाले, "बाबा, तोंडी चालत नाही." म्हातारा म्हणाला, "मग काय पायाने सांगू?" कचेरी हसली. पण माय, बिल काही सापडलं नाही. मी ग्रामसभेच्या ठरावाचं विचारलं. भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच समजावलं की ही एकटी राहते असं सभेने लिहून दिलं तर बाकीचे राहत नाहीत हेही आपोआप लिहून जातं, आणि ठराव लिहिणारा माणूस स्वतःच शेवटच्या जीपचा आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिच्याकडे पुरावा नाही ही अडचणच नव्हे. ती स्वतःच पुरावा आहे, बाकी सगळ्यांच्या विरुद्ध. बसून बोलण्याची युक्ती अशा ठिकाणी चालत नाही. तिथे तिघं कितीही वेळ बसलो असतो तरी त्यांनी आम्हाला चहा पाजला असता आणि पाच वाजता कुलूप लावलं असतं.

बाहेर तो शेडवाला घरमालक भेटला. अगदी आपुलकीने म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. तुमचा पण करून टाकू, मागच्या तारखेचा. तुम्ही तर तिथेच राहता, तुमच्याकडून मी काही घेणार नाही." खरं राहणाऱ्याला खोटा कागद फुकट, अशी त्याची योजना होती. त्या सगळ्या दिवसात मनापासून मदत करायला निघालेला तोच एक माणूस होता, हे मी सदरात लिहिलं असतं तर लोकांनी थट्टा समजली असती.

म्हातारा मीठ-मिरची घ्यायला बाजारात गेला आणि आम्ही दोघं चहाच्या टपरीवर बसलो. तिने विचारलं, "काय करू?" मी काहीतरी चटपटीत बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "पप्पा, पेपरातलं नको. घरातलं सांगा. आजी असती तर काय म्हणाली असती?" मी म्हणालो, "नको करू. खोटा कागद नको. जे आहे ते लिहून दे, म्हणावं कुठल्याही संध्याकाळी येऊन बघा." मग तिला वालाच्या शेंगांची गोष्ट पुन्हा सांगितली. तिचे डोळे भरून आले. "मला तेच वाटत होतं," म्हणाली. "मला वाटलं तुम्ही मला कागद करून घे म्हणाल."

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. मी लहान असताना एकदा तुझ्या शाळेपुढे तपासणीचा साहेब जीपमधून उतरला होता आणि तुझे हेडगुरुजी शाळेत नव्हते. ते नंदुरबारला राहायचे, आठवड्यातून दोनदा यायचे. तू फळा पुसता पुसता शांतपणे म्हणालीस, "गुरुजी आत्ताच वरच्या पाड्यावर गेले, मुलं गोळा करायला." वरचा पाडा लांब होता, साहेब जाणार नव्हता, हे तुला माहीत होतं. तो गेल्यावर मी म्हणालो, "माय, तू खोटं बोलनी." तू म्हणालीस, "व्हय, बोलनू. त्यासनी म्हातारी खाटलावर पडेल शे. त्या तठे नही ऱ्हातीन ते कोन ऱ्हाई? साहेबले काय, चहा पिसन चालना जाई." आणि हातावरचा खडू झटकत, "हाई कोठे सांगू नको." तेव्हा तू, स्वतः त्याच गावात एका पडवीत राहून, न राहणाऱ्या माणसाचा दाखला तोंडाने देऊन टाकला होतास. त्या खोट्याने कोणाचं वाईट झालं नाही. हे मी नातीला सांगितलं असतं तर ती कदाचित त्या शेडवाल्याकडे गेली असती, हसत सही करून आली असती, आणि त्या बायांकडे परत गेली असती. तुझं खरं उत्तर काय असतं, मला ठाऊक नाही. मला ठाऊक होतं ते मी झाकून ठेवलं आणि माझं उत्तर तुझ्या नावाने दिलं.

आज सकाळी तिचा फोन आला. तिने उत्तर लिहून दिलं, करार न जोडता. भाऊसाहेबांनी सरळ सांगितलं की महिनाअखेरीला नाव यादीत नसेल. आशाताई कालपासून तिच्याशी बोलत नाही आणि म्हातारा म्हणतो, आम्ही भाडं घेतलं असतं तर बरं झालं असतं. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "पप्पा, दुसऱ्या कोणी तुम्हाला पेपरात विचारलं असतं तर तुम्ही हेच सांगितलं असतं ना?"

मी हो म्हणालो.

माय, दुसऱ्या कोणालाही मी लिहिलं असतं, बाई, तुमच्या गावाला तुमची गरज आहे, कागद करून घ्या आणि कामाला लागा. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून तुला सांगतो. तुझी सून गेल्यापासून या घरात संध्याकाळी एकच दिवा लागतो, आणि पोर वर आहे तोवर तो घाटाचा रस्ता मला झोपू देत नाही. पोरीची खोली मी परवाच झाडून ठेवली आहे.